अंतराळवीरांच्या झोपेची ईईजी नोंद: तयारीपासून स्कोअरिंगपर्यंत

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर झोपेसाठी रोज साडेआठ तास राखून ठेवलेले असतात: ग्रिनिच वेळेनुसार रात्री २१:३० ते सकाळी ६:००. मनगटी यंत्रांनी मोजलेली प्रत्यक्ष झोप मात्र सरासरी सहा तासांच्या आसपास भरते. मनगटी यंत्राला फक्त हालचाल कळते. झोप उथळ होती की गाढ, स्वप्नांची झोप किती होती, हे पाहायचे तर मेंदूचे विद्युत संकेत नोंदवावे लागतात (ही नोंद म्हणजे ईईजी). त्यासाठी आता दोन प्रकारची अंगावर घालायची साधने स्थानकावर वापरली गेली आहेत: कोरड्या इलेक्ट्रोडचा हेडबँड (युरोपीय अंतराळ संस्थेचा 'ड्रीम्स' प्रयोग) आणि कानात बसणारे ईईजी (२०२३-२४ च्या ह्युगिन मोहिमेतला ऑर्हूस विद्यापीठाचा प्रयोग).

अशा प्रयोगाची आखणी करणाऱ्यांसाठी आणि जमिनीवरच्या ॲनालॉग मोहिमेत (अंतराळासारखी परिस्थिती उभी करून केलेल्या) किंवा बेडरेस्ट अभ्यासात (सहभागींना दीर्घकाळ अंथरुणावर ठेवून केलेल्या) त्याची तालीम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुढचे टप्पे दिले आहेत. नोंदी वाया जातात त्या बहुधा विश्लेषणात नाही, तर दिवे मालवण्याच्या आधी. म्हणून पहिल्या पाच टप्प्यांना घाई करू नका आणि त्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: आधी प्रश्न, मग यंत्र

यंत्र हाती आले म्हणून प्रश्न शोधणे ही सुरुवातीचीच चूक. कोणते यंत्र काय दाखवू शकते ते आधी समजून घ्या.

फक्त कपाळावर इलेक्ट्रोड असलेला हेडबँड: गाढ झोपेच्या मंद लहरी आणि डोळ्यांच्या हालचाली चांगल्या दिसतात. पण डोळे मिटून जागे असताना दिसणारी ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय डोक्याच्या मागच्या भागात ठळक असते, ती इथे नीट पकडता येत नाही. त्यामुळे 'झोप लागायला किती वेळ लागला' हा तुमचा मुख्य प्रश्न असेल तर मागेही इलेक्ट्रोड असलेला हेडबँड घ्या.

कानातले ईईजी: झोपायला सर्वांत सुसह्य. मात्र एकाच कानातल्या दोन इलेक्ट्रोडमधले अंतर इतके कमी की संकेत फार लहान येतो. उजव्या आणि डाव्या कानातला फरक घेतला तर संकेत मोठा मिळतो, म्हणून दोन्ही कानांत इलेक्ट्रोड हवेतच. कानाचा साचा प्रत्येकाच्या मापाने घ्यावा लागतो.

जेल लावलेली टोपी: संकेत उत्तम. पण वजनरहित जागेत जेलचे थेंब तरंगतात, लावायला वेळ लागतो, आणि झोपण्यापूर्वीचा तो वेळ दिवसभर थकलेल्या माणसाकडून मागावा लागतो. काही मोजक्या रात्रींपुरतीच ती चालते.

यंत्र कोणतेही असो, खरेदीआधी तीन गोष्टी लेखी मागा. पहिली, कच्चा डेटा ईडीएफ किंवा तसल्याच खुल्या स्वरूपात मिळतो का. दुसरी, नोंद यंत्राच्या आतल्या मेमरीत साठते का. फक्त ब्लूटूथवर विसंबणारे यंत्र घेऊ नका. तिसरी, नमुना दर (सेकंदाला किती वेळा संकेत मोजला जातो) किती. निदान २०० हर्ट्झ हवा.

सावधान: रंगीत आलेख आणि 'झोपेचा गुण' देऊन कच्चा डेटा न देणारे यंत्र या कामाचे नाही. त्याची गणिते जमिनीवर झोपणाऱ्या माणसांवर बेतलेली असतात. काही यंत्रे प्रवेगमापकावरून, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून, माणूस आडवा आहे की बसलेला हे ठरवतात आणि त्यावर जाग-झोपेचा अंदाज बांधतात. कक्षेत ती दिशाच नसते, त्यामुळे हा सगळा भाग निरर्थक होतो. उत्पादकाला विचारा: शरीराची स्थिती हा घटक बंद करता येतो का?

## टप्पा २: जमिनीवरची बेसलाइन

सगळ्यांत जास्त हयगय होते ती इथे. कक्षेतल्या रात्रीची तुलना पुस्तकातल्या सरासरीशी करता येत नाही. तीच व्यक्ती, तेच यंत्र, तीच इलेक्ट्रोडची जोडी, आणि जमिनीवरची रात्र: तुलना फक्त एवढ्याशीच. ही बेसलाइन, म्हणजे तुलनेचा आधार, कच्ची राहिली तर पुढचे महिने फुकट.

१. पहिली रात्र सरावाची धरा आणि विश्लेषणातून वगळा. डोक्याला नवी वस्तू लावून कोणालाच नेहमीसारखी झोप येत नाही.

२. त्यानंतर किमान तीन चांगल्या रात्री मिळवा. तीन हा आकडा कमीत कमी म्हणून दिला आहे. पाच मिळाल्या तर घ्या.

३. त्यांपैकी निदान एका रात्री हेडबँडसोबत पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी (मेंदू, डोळे, स्नायू यांच्या संकेतांची एकत्र नोंद) करा. दोन्ही यंत्रे एकाच वेळी, एकाच डोक्यावर. तुमच्या यंत्रात गाढ झोपेच्या लहरी किती लहान दिसतात, हे फक्त यातूनच कळते.

४. बेसलाइन उड्डाणाच्या तोंडावर घेऊ नका. प्रशिक्षणाच्या काळातच अंतराळवीरांची झोप कमी झालेली असते. उड्डाणाच्या सुमारे तीन महिने आधीच ती साडेसहा तासांच्या खाली आलेली आढळली आहे. उड्डाणाच्या वेळेशी जुळवून घेण्यासाठी शेवटच्या दिवसांत झोपेची वेळही सरकवतात. त्या आठवड्यातली रात्र 'सामान्य' म्हणून धरली तर अवकाशातले नुकसान कमी दिसेल.

५. रोज सकाळी तीन मिनिटांची प्रतिक्रिया चाचणी (पीव्हीटी या सतर्कता-चाचणीची छोटी आवृत्ती) बेसलाइनपासूनच सुरू करा. ती मध्येच सुरू केली तर सरावाने होणारी सुधारणा आणि झोपेचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

ॲनालॉग मोहिमांसाठी खास सूचना: नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने लेहला ॲनालॉग मोहीम सुरू केली, आयआयटी मुंबई तिच्यात सहभागी होती. तशा ठिकाणी बेसलाइन पुण्या-मुंबईत घेऊन थेट लेहच्या रात्रींशी ताडू नका. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर पहिले काही दिवस झोपेत श्वास थांबून थांबून चालतो आणि त्याने वारंवार जाग येते. हा परिणाम उंचीचा आहे, एकांतवासाचा नाही. उंचीशी जुळवून घेतल्यावर, मोहीम सुरू होण्यापूर्वी तिथेच दुसरी बेसलाइन घ्या, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावा.

## टप्पा ३: घड्याळे एका रेषेत आणा

हेडबँड, मनगटी यंत्र, टॅबलेटवरची डायरी आणि स्थानकाचे वेळापत्रक: चार घड्याळे, आणि चारही वेगळी चालतात.

सर्वत्र ग्रिनिच वेळ ठेवा. टॅबलेट-फोनवरचे आपोआप टाइमझोन बदलणे बंद करा. भारतात बसून फाईल उघडणाऱ्यांची नेहमीची गफलत अशी: कक्षेत १२ तारखेला २१:३० ला सुरू झालेली रात्र भारतीय वेळेत १३ तारखेच्या पहाटे ३:०० वाजता पडते. सॉफ्टवेअर तिला १३ तारखेच्या नावाने साठवते, डायरीत ती १२ ची असते, आणि औषधाची नोंद भलत्याच रात्रीला चिकटते. फाईलच्या नावात वर्ष आणि वर्षातला दिवस क्रमांक घाला. स्थानकाच्या कामकाजातही हीच पद्धत आहे.

घड्याळ सरकण्याचा हिशोबही करून ठेवा. दहा लाखात २० भागांची चूक असलेला घड्याळाचा साधा क्रिस्टल दिवसाला सुमारे १.७ सेकंद सरकतो. १८० दिवसांत ती चूक पाच मिनिटांवर जाते, म्हणजे स्कोअरिंगसाठी (झोपेची अवस्था ठरवण्यासाठी) वापरायचे ३० सेकंदांचे दहा खंड.

उपाय सोपा आहे. रोज झोपताना आणि उठल्यावर मनगटी यंत्र हेडबँडला टेकवून तीन वेळा ठोका. दोन्ही प्रवेगमापकांत तीन टोकदार शिखरे उमटतात, त्यांवरून फाईली जुळवता येतात. याला गुरुत्वाकर्षण लागत नाही.

तपासणी: जमिनीवर सलग सात दिवस दोन्ही यंत्रे चालवा आणि ठोक्यांवरून रोजचा फरक काढा. फरक रोज सारखा वाढत असेल तर तो दुरुस्त करता येतो. उड्या मारत असेल तर यंत्र बदला.

## टप्पा ४: माप, त्वचा, केस

कक्षेत पोहोचताच शरीरातले द्रव डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजतो. जमिनीवर नेमका बसणारा हेडबँड तिथे करकचतो. पहिल्या दिवसांत डोकेदुखीही असते, आणि मग रात्री दोन वाजता हेडबँड काढून टाकला जातो. म्हणून पट्ट्याला मापाच्या खुणा करून घ्या, बेसलाइनची खूण नोंदवा, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन खुणांची मोकळीक राखा. रोज कोणत्या खुणेवर लावला ते डायरीत लिहायला सांगा.

त्वचेवर लोशन किंवा मॉइश्चरायझर नको. ओल्या टॉवेलने कपाळ आणि कानामागचा भाग पुसून कोरडा करावा. जमिनीवरच्या प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा अल्कोहोलचा बोळा स्थानकाच्या कार्यपद्धतीत गृहीत धरू नका. अल्कोहोलची वाफ केबिनच्या हवेतून पाणी शुद्धीकरण यंत्रणेत पोहोचते, त्यामुळे त्याच्या वापरावर मर्यादा असते.

लांब केस वजनरहित अवस्थेत फुलून इलेक्ट्रोडखाली शिरतात. मागचे इलेक्ट्रोड दातेरी कंगव्यासारखे असतील तर ते टेकवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवावेत, म्हणजे टोके टाळूपर्यंत जातात.

कानातल्या ईईजीबाबत एक प्रश्न हमखास राहून जातो. आवाजामुळे अनेक जण झोपताना इअरप्लग घालतात. तुमचे साधन त्याच जागेवर हक्क सांगते. साधनाने आवाज किती अडवला जातो हे मोजा आणि धोक्याचा भोंगा त्यातूनही ऐकू येतो याची वैद्यकीय आणि सुरक्षा पथकाकडून खात्री करून घ्या. याला पर्याय नाही.

## टप्पा ५: दिवे मालवण्याआधीचा अर्धा तास

हा क्रम एका कार्डावर छापून झोपण्याच्या कप्प्यात लावा. पाठांतरावर सोडू नका.

१. ३० मिनिटे आधी हेडबँड चढवा. कोरड्या इलेक्ट्रोडखाली थोडा घाम जमला की संपर्क सुधारतो. त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. लावल्या लावल्या इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) पाहून 'खराब आहे' म्हणत पट्टा आवळणे, हीच पुढच्या डोकेदुखीची सुरुवात.

२. १५ मिनिटे आधी संपर्क तपासा. जेलच्या इलेक्ट्रोडसाठी ५ किलोओहमची मर्यादा असते. कोरड्यांना ती लावू नका, ते तिथे कधीच पोहोचत नाहीत. बेसलाइनला त्याच व्यक्तीचा जो आकडा होता, त्याच्याशी ताडा. फार जास्त असेल तर इलेक्ट्रोडवर पाण्याचे ओले बोट फिरवा. थेंब टाकू नका: दोन इलेक्ट्रोडमध्ये ओलीचा पूल झाला की दोन्ही वाहिन्या एकसारख्या दिसतात आणि फरक शून्य येतो.

३. १० मिनिटे आधी जैव-अंशांकन, म्हणजे पुढे संकेत ओळखता यावेत म्हणून ठरावीक हालचालींची नोंद. डोळे उघडे ३० सेकंद, मिटलेले ३० सेकंद, डोके स्थिर ठेवून डावीकडे-उजवीकडे पाच वेळा पाहणे, वर-खाली पाच वेळा, पाच वेळा डोळे मिचकावणे, पाच सेकंद दात आवळणे. हे वगळले तर पहाटेच्या फाईलमध्ये डोळ्यांची हालचाल कोणती आणि मंद लहर कोणती हे ठरवायला आधार राहत नाही.

४. तीन ठोके. मग डायरीत औषध, मात्रा, घेतल्याची वेळ आणि शेवटची कॉफी.

५. दिवे बंद करताना बटण दाबून खूण.

औषधाची नोंद ऐच्छिक ठेवू नका. स्थानकावरच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतराळवीरांनी मोहिमेत कधी ना कधी झोपेचे औषध घेतल्याचे नोंदले गेले आहे. काही औषधांनी स्पिंडल (झोपेतल्या मेंदूलहरींचे छोटे झटके) वाढतात, काहींनी मंद लहरी घटतात. गोळीचा परिणाम वजनरहित अवस्थेच्या नावावर जमा व्हायला एक विसरलेली ओळ पुरते.

सावधान: झोपण्याच्या कप्प्यातला पंखा बंद नाही ना, हे त्याच वेळी पाहावे. वजनरहित जागेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो. त्याने डोके दुखते आणि झोप मोडते. हवेचा प्रवाह आणि दिव्याची स्थिती दोन्ही डायरीत हवेत. स्थानकावरच्या नव्या दिव्यांना झोपेपूर्वीची वेगळी पिवळसर २७०० केल्विनची स्थिती असते.

लेह किंवा अंटार्क्टिकासारख्या कोरड्या थंडीत इलेक्ट्रोडखाली घाम जमतच नाही, वर फ्लीस आणि सिंथेटिक स्लीपिंग बॅगमुळे स्थिर विद्युत उड्या मारते. तिथे ओले बोट रोजच लागेल, आणि टोपी सुती हवी.

## टप्पा ६: रात्र आणि सकाळ

रात्री काही करायचे नाही. पट्टा सुटला तर परत लावा, नाही लावला तरी चालेल, हे सहभागींना आधीच स्पष्ट सांगा. नोंदीसाठी झोप मोडायची नाही.

सकाळी अलार्मनंतर लगेच ठोके, पुन्हा छोटे अंशांकन, मग डायरी, मग प्रतिक्रिया चाचणी. कॉफी या सगळ्यानंतर. इलेक्ट्रोड कोरड्या कापडाने पुसा, यंत्र चार्जिंगला लावा.

## टप्पा ७: डेटा उतरवणे

चार वाहिन्या, २५० हर्ट्झ, २४-बिट: सेकंदाला ३,००० बाइट. साडेआठ तासांचे सुमारे ९२ मेगाबाइट होतात. रोज पूर्ण फाईल पृथ्वीवर येईलच असे गृहीत धरू नका. अंशांकनाची पाच मिनिटे आणि मध्यरात्रीची कोणतीही दहा मिनिटे त्याच दिवशी मागवा. तेवढ्यावरून सैल इलेक्ट्रोड, ओलीचा पूल, मेलेली वाहिनी कळते आणि पुढची रात्र वाचते. मोहीम संपल्यावर फाईली पाहणारे गट एकच चूक वीस रात्री करून बसतात.

मेमरीतली मूळ फाईल जमिनीवरची प्रत उघडून तपासल्याशिवाय पुसू देऊ नका.

सहभागींच्या नावाऐवजी क्रमांक वापरा. पण चार जणांच्या चमूत एकच स्त्री असेल तर क्रमांकानेही ओळख लपत नाही, हे संमतीपत्रात लिहा. झोपेच्या नोंदीचा संबंध पुढच्या निवडीशी जोडला जाईल अशी भीती राहिली तर गोळीची नोंद खरी होणार नाही.

## टप्पा ८: स्कोअरिंग

पन्नास हर्ट्झचा नॉच फिल्टर (वीजपुरवठ्याची तेवढी एकच वारंवारता गाळणारा) सवयीने लावू नका. स्थानकाच्या अमेरिकी भागातला मुख्य वीजपुरवठा १२० व्होल्ट डीसी आहे. गोंगाट पंखे आणि इन्व्हर्टरमुळे येतो. आधी वर्णपट (कोणत्या वारंवारतेचा संकेत किती) काढून पाहा, मग ठरवा. ईईजीला ०.३ ते ३५ हर्ट्झचा नेहमीचा पट्टा पुरतो.

फाईलींची नावे बदलून, कोणती कक्षेतली आणि कोणती जमिनीवरची हे न कळता, दोन प्रशिक्षित व्यक्तींनी ३० सेकंदांच्या खंडांत स्वतंत्रपणे स्कोअर करावे. पूर्ण पॉलिसोम्नोग्राफीवरही दोन तज्ज्ञांचे साधारण ८० ते ८५ टक्के खंडांवरच एकमत होते. सर्वांत वाद एन-१ वर, म्हणजे सर्वांत उथळ झोपेवर. तुमच्या हेडबँडने ९५ टक्के जुळणी दाखवली तर आनंद मानण्याआधी एकाने दुसऱ्याचे पाहिले का ते विचारा.

गाढ झोप 'नाहीशी' होण्याची चूक. एन-३ साठी, म्हणजे गाढ झोपेसाठी, कपाळाच्या भागात, कानामागच्या संदर्भाने मोजलेली, ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा मोठी, ०.५ ते २ हर्ट्झची लहर खंडाच्या २० टक्के भागात असावी लागते. हा आकडा त्या विशिष्ट मोजणीसाठी आहे. कपाळावरच्या दोन जवळच्या इलेक्ट्रोडमध्ये किंवा दोन कानांमध्ये तीच लहर कितीतरी लहान दिसते. नियम जसाच्या तसा लावला तर एन-३ शून्यावर येतो, आणि 'अवकाशात गाढ झोप लागत नाही' असा खोटा निष्कर्ष छापला जातो. टप्पा २ मधली पॉलिसोम्नोग्राफीची रात्र यासाठीच होती: तिच्यावरून त्या व्यक्तीची, त्या यंत्राची मर्यादा ठरवा आणि सर्व रात्रींना तीच लावा.

उलटी चूकही होते. पट्ट्याखालच्या घामाने रेषा संथपणे वर-खाली डोलते, डोळ्यांची सावकाश फिरणारी हालचालही कपाळावर मंद लहरीसारखी उमटते. दोन्ही गाढ झोपेत मोजल्या जातात. डाव्या-उजव्या कपाळाच्या वाहिन्या विरुद्ध दिशेला जात असतील तर ते डोळे आहेत.

झोपेची कार्यक्षमता मोजताना भाजक तपासा. उदाहरणार्थ, वेळापत्रकात ५१० मिनिटे, पण दिवे २२:४० ला बंद केले आणि ६:०० ला उठले, म्हणजे ४४० मिनिटे. झोप ३८० मिनिटे. वेळापत्रकाने भागले तर ७५ टक्के, दिव्यांच्या खुणेने भागले तर ८६ टक्के. पहिला आकडा कामाच्या ओझ्याबद्दल सांगतो, दुसरा झोपेबद्दल. दोन्ही द्या, एकमेकांत मिसळू नका.

गहाळ रात्रींचा तक्ता स्वतंत्र जोडा. पट्टा निसटतो तो तळमळीच्या रात्री. त्या वगळल्या की उरलेल्या रात्री आपोआप चांगल्या दिसतात. प्रत्येक गहाळ रात्रीसाठी मनगटी यंत्राची झोप किती होती ते लिहा.

## टप्पा ९: परतल्यावर

उतरल्यानंतरचे पहिले दिवस चक्कर, प्रवास, टाइमझोन आणि वैद्यकीय तपासण्यांत जातात. त्या रात्री नोंदवा, पण त्यांना 'पूर्ववत' म्हणून धरू नका. दुसरा संच दोन-तीन आठवड्यांनी, व्यक्ती स्वतःच्या घरी नेहमीच्या वेळी झोपू लागल्यावर घ्या. हेडबँड तोच असावा, इलेक्ट्रोड झिजले असतील तर बदलण्याआधी जुन्यांवर एक रात्र आणि नव्यांवर एक रात्र नोंदवा. पट्ट्याची खूण पुन्हा बेसलाइनच्या आकड्यावर आली का तेही पाहा. चेहऱ्याची सूज ओसरलेली असल्याने कक्षेतली खूण आता सैल पडते.